पिन-ऑन क्विक अटॅच अडॅप्टर: छोट्या लोडरला झेपतो का?

कुबोटा बीएक्ससारख्या वीस-पंचवीस हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरवर, विशेषतः जुन्या मॉडेलांत, लोडरची (ट्रॅक्टरच्या पुढच्या उचलणाऱ्या हातांची) बकेट थेट पिनांवर बसवलेली असते. ती काढून फोर्क (माल उचलायचे काटे) लावायचे तर हातोडा, पंच आणि बहुधा मदतीला दुसरा माणूस लागतो. अमेरिकेत मिळणारा पिन-ऑन अडॅप्टर बकेटच्या जागी कायमचा बसतो आणि पुढे स्किड-स्टीअरची (छोट्या लोडर यंत्राची) प्रमाणित प्लेट देतो. मग आयएसओ 24410 (या प्लेटच्या जोडाचे आंतरराष्ट्रीय मानक) मापाची बकेट, फोर्क, ग्रॅपल (पकडणारा पंजा) दोन मिनिटांत बदलता येतात. सोय खरी आहे, पण तिची किंमत वजनात मोजावी लागते.

साधारण अडॅप्टर 30 ते 50 किलोचा असतो आणि जोड 8 ते 15 सेंटिमीटर पुढे ढकलतो. जुन्या बीएक्सच्या लोडरची उचल पिनेपाशी अडीचशे किलोच्या आसपास. त्यातून अडॅप्टर वजा, मग फोर्क वजा. स्किड-स्टीअरचे जाडजूड फोर्क फ्रेमसकट दीडशे किलो भरतात, म्हणजे मालासाठी जेमतेम पन्नास किलो उरले. शिवाय भार पुढे गेल्यावर तीही उचल घटते. म्हणून इतक्या लहान लोडरला हलके फोर्कच घ्यावेत. चारशे किलोच्या वर उचल असलेल्या लोडरवर हा अडॅप्टर निर्धास्त घ्यावा. ट्रॅक्टरच्या मागे वजन मात्र दोन्ही बाबतींत हवेच: बॅलास्ट बॉक्स (वजन भरलेली पेटी) किंवा रोटाव्हेटर.

ऑर्डरपूर्वी मापे व्हर्नियरने घ्या: पिनेचा व्यास, दोन आर्ममधले अंतर, बकेटच्या कानांमधली (पिन बसते त्या पट्ट्यांमधली) रुंदी आणि आर्मच्या पिनेपासून टिल्ट सिलिंडरच्या (बकेट वर-खाली वाकवणाऱ्या सिलिंडरच्या) पिनेपर्यंतचे मध्य-ते-मध्य अंतर. शेवटचे माप सर्वांत महत्त्वाचे. ते मूळ बकेटपेक्षा वाढले तर जोर वाढतो, पण बकेट पूर्ण ओतत नाही. कमी झाले तर उलट, आणि प्लेट आर्मवर आपटूही शकते. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये बनवलेल्या लोडरला तयार अडॅप्टर बसेल असे धरू नये; मापे देऊन करून घेतलेला बरा.

बसवताना पिनांना ग्रीस लावा, बाजूचा खेळ (सैलपणा) वॉशरने भरा. पहिल्यांदा टिल्ट जमिनीलगत, मध्यावर आणि पूर्ण उंचीवर सावकाश फिरवून पाहा. हायड्रॉलिक होज ताणला जात असेल तर तो इथेच कळतो.

जुनी बकेट वापरायची असेल तर कान कापण्याआधी तळाचा कोन नोंदवा. बकेटला मागून जोडायची प्लेट अडॅप्टरवर अडकवून टॅक (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारा आणि पूर्ण वेल्डिंग बकेट उतरवून करा. ट्रॅक्टरवरच टॅक मारणार असाल तर बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि अर्थ क्लॅम्प जोडाजवळ लावा.

खरा धोका लॉकमध्ये आहे. खालच्या खाचेत माती किंवा खडी बसली की पाचरीच्या पिना अर्ध्यातच अडतात आणि लिव्हर पडला तरी जोड कच्चा राहतो. प्रत्येक वेळी उतरून दोन्ही पिनांची टोके खाचेबाहेर आलेली पाहा, मग बकेटचे नाक जमिनीवर हलके दाबा. बकेट प्लेटपासून सुटत असेल तर खाच साफ करून पुन्हा लावा.