पेलेट स्मोकर काही महिने वापरल्यावर: बंद करणं हेच खरं काम

पेलेट स्मोकर, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या छोट्या गोळ्या (पेलेट) जाळून धुरावर पदार्थ शिजवणारं विजेवरचं मशीन, घेऊन आता बरेच महिने झाले, टेम्परेचर छान धरतो, चव चांगली येते, कोळशाइतका दणदणीत धूर लागत नाही पण तेवढं चालतं. त्याबद्दल सगळेच लिहितात. मला लिहायचंय ते बंद करण्याबद्दल, कारण विकणारा त्याबद्दल अवाक्षर काढत नाही आणि मॅन्युअल कोणी वाचत नाही.

गॅसचा नॉब फिरवला की आग विझते तसं इथे होत नाही. शटडाऊन दिला की ऑगर (पेलेट आत ढकलणारा फिरता स्क्रू) थांबतो म्हणजे नवीन पेलेट पडत नाहीत, पण फायरपॉटमध्ये (पेलेट जळतात त्या भांड्यात) जे आधीच पडलेत ते जळत असतात आणि ते पूर्ण जळून जावेत म्हणूनच फॅन चालू राहतो, मॉडेलप्रमाणे साधारण 10 ते 20 मिनिटं. या वेळात प्लग काढायचा नाही म्हणजे नाही! फॅन थांबला की निखारे धुमसत राहतात आणि आग ऑगरच्या नळीतून हळूहळू उलटी हॉपरकडे (पेलेट भरून ठेवायच्या डब्याकडे) सरकू शकते. हॉपरमधून धूर येताना दिसला तर समजा हेच चाललंय. माझ्या मॉडेलचा वैताग म्हणजे शटडाऊन दिला की लगेच स्क्रीन काळी होते, फॅन मात्र चालूच, त्यामुळे घरातल्या कोणालाही वाटतं की बंद झालं आणि हात स्विचकडे जातो. म्हणून मी स्विचवर चिठ्ठीच चिकटवलीये. डिझाइन करणाऱ्याने एक छोटा लाइट दिला असता तर काय बिघडलं असतं?

माझी सवय अशी की पदार्थ काढला की आधी टेम्परेचर सगळ्यात खाली आणतो, थोडा वेळ तसंच चालू देतो, मग शटडाऊन. झाकण बंदच ठेवायचं. आत चरबी पेटलीच तर झाकण उघडून बघायला जाऊ नका, हवा मिळाली की भडका वाढतो, आणि पाणी तर अजिबात नाही.

मध्येच लाइट गेली तर हे सगळं गणित फिसकटतं. फॅन बंद, पॉटमध्ये अर्धवट जळलेले पेलेट. लाइट आली की डायरेक्ट स्टार्ट करायचं नाही, कारण इग्नायटरने (पेलेट पेटवणाऱ्या भागाने) तो ढीग एकदम पेटला तर आधी पांढरा दाट धूर होतो आणि मग झाकण उडेल असा भपका येऊ शकतो. पूर्ण गार होऊ द्या, जाळ्या काढा, पॉट रिकामा करा, मग चालू करा. मी छोटा यूपीएस लावलाय, शटडाऊनमध्ये फक्त फॅन आणि कंट्रोलर चालतो त्यामुळे तेवढं तो आरामात ओढतो.

राख दुसऱ्या दिवशी काढतो. वरून गार दिसते पण आत निखारा राहतो, व्हॅक्यूममध्ये गेला तर फिल्टर पेटेल, म्हणून आधी पूर्ण गार झालीये हे बघायचं आणि राख पत्र्याच्या झाकणवाल्या डब्यात टाकायची. कव्हरही गार झाल्यावरच.

बरेच दिवस वापरायचा नसेल तर हॉपर रिकामा करतो, दमट हवेत पेलेट फुगतात, त्यांचा भुसा होतो आणि ऑगर जाम होतो. तो मोकळा करायला अख्खी दुपार जाते.

एकूण मशीनला पाचपैकी चार. एक मार्क त्या काळ्या स्क्रीनचा कापला.