निकोटिन गम २ मिलिग्रॅमचा, ४ मिलिग्रॅमचा की पॅच? खर्रा-सिगरेट सोडणाऱ्यांसाठी

सिगरेट सुटावी म्हणून वेप, म्हणजे ई-सिगरेट, घ्यायचा आणि त्याचे वॅट हळूहळू उतरवत न्यायचे, असा बेत बरेच जण आखतात. त्यात दोन अडचणी आहेत. २०१९ च्या कायद्याने ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळंच बंद आहे. पहिल्यांदा विकताना सापडलं तर १ वर्षापर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसरी अडचण यंत्रातच आहे. वॅट म्हणजे आतली तारेची कॉइल किती तापणार एवढंच. ते कमी केले की वाफ कमी होते आणि माणूस लांब झुरके ओढून तूट भरून काढतो. वाढवले की कापसाची वात कोरडी पडून घशाला जळका चटका बसतो. अंगात निकोटिन किती गेलं, ते पडद्यावर दिसतच नाही.

औषधाच्या दुकानातल्या निकोटिनच्या गमवर आणि पॅचवर (कातडीला चिकटवायची पट्टी) मात्र मिलिग्रॅमचा आकडा छापलेला असतो. प्रश्न कोणता आकडा घ्यायचा, हा.

२ की ४? दिवसाच्या पुड्या मोजू नका. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेलं मिश्रण, आणि ठेल्यागणिक त्यातली तंबाखू बदलते. घड्याळ पाहा. झोपेतून उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट किंवा पहिला खर्रा लागत असेल तर ४, त्यानंतर लागत असेल तर २. २ मिलिग्रॅमचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ साठी डॉक्टरची चिठ्ठी लागते. चिठ्ठीचा कंटाळा म्हणून २ घेणारे पुष्कळ आहेत, आणि ‘गमने काही होत नाही’ म्हणणारेही बहुधा त्यांच्यातच असतात. गमवर लिहिलेल्या निकोटिनपैकी साधारण निम्मंच रक्तात पोचतं. नीट चावूनही तल्लफ, चिडचिड जात नसेल तर आकडा कमी पडतोय. मळमळ, गरगर, धडधड होत असेल तर जास्त होतोय.

पण ‘नीट चावून’ इथेच सगळं बिघडतं. हा बबलगम नाही. सावकाश चावा, जीभ चुरचुरली, तिखटसर लागलं की थांबा आणि गम गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. चुरचुर ओसरली की पुन्हा चावा, मग जागा बदलून दाबा. एक गम अर्धा तास चालतो. भराभर चावला तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं: उचकी, छातीत जळजळ, आणि उपयोग थोडा, कारण पोटातून गेलेलं बरंचसं निकोटिन यकृतातच मोडतं.

खर्ऱ्यात चुना असतो तो याचसाठी. तोंड अल्कधर्मी झालं की निकोटिन गालाच्या आतून झपाट्याने शिरतं. आम्लाने नेमकं उलटं होतं. त्यामुळे गमच्या १५ मिनिटं आधीपासून गम संपेपर्यंत संत्र्याचा रस, लिंबूपाणी, कोल्ड्रिंक, कॉफी बंद. नागपूरसारख्या संत्र्यांच्या शहरात हे पथ्य जरा जाचकच.

पहिले ६ आठवडे दर १-२ तासांनी एक, म्हणजे दिवसाला किमान ९. पुढचे ३ आठवडे दर २-४ तासांनी, शेवटचे ३ आठवडे दर ४-८ तासांनी. दिवसाला तीनच गम खाऊन पंधरवड्यात सोडून देणं, ही सर्रास होणारी चूक.

पॅच कुणासाठी? खर्रा खाऊन ज्यांचं तोंड पुरतं उघडत नाही, त्यांना गम चावणं त्रासाचं. कवळी असेल तर गम तिला चिकटतो. अशांनी पॅचच घ्यावा, आणि तोंड उघडत नसेल तर नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात आधी दाखवून घ्यावं. दिवसाला १० पेक्षा जास्त सिगरेटी असतील तर २१ मिलिग्रॅम ६ आठवडे, मग १४ चा २ आठवडे, ७ चा २ आठवडे. १० किंवा कमी असतील तर १४ पासूनच सुरुवात.

नागपुरात पॅचचा वैरी उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना घामाने कडा सुटतात, आणि कातडी तापली की निकोटिन जास्त वेगाने आत जातं. आंघोळीनंतर अंग खडखडीत कोरडं करा, तेल-पावडर लावू नका. केस नसलेल्या जागी, बाहीखाली दंडावर किंवा छातीवर, तळहाताने १० सेकंद दाबून धरा. रोज जागा बदला. रात्री विचित्र स्वप्नं पडली तर झोपताना काढून टाका.

पॅचला अंमल चढायला काही तास लागतात, म्हणून पानठेल्यासमोर अचानक उठलेली तल्लफ त्याने भागत नाही. जुनं, पक्कं व्यसन असेल तर पॅच आणि वर लागेल तेव्हा २ चा गम, ही जोडी एकट्या पॅचपेक्षा किंवा एकट्या गमपेक्षा सरस ठरते. ती डॉक्टरला विचारूनच घ्या; नुकताच हार्टॲटॅक येऊन गेला असेल, गर्भारपण असेल किंवा वय १८ च्या आत असेल तर एकटा गमसुद्धा विचारल्याशिवाय नको.

सुपारीची ओढ मात्र यातलं काहीच भागवत नाही. तंबाखू सोडून नुसती सुपारी चघळत राहणं ही सोडवणूक नव्हे, सुपारी स्वतःच कर्करोग करते. चिठ्ठी आणायच्या आधी बोलायचं असेल तर तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे.

वापरलेला पॅच चिकट बाजू आत घडी घालूनच टाका. त्यात निकोटिन उरलेलं असतं, आणि घरात लहान मूल असतं.