आयसोफिक्स की सीटबेल्ट? मागच्या सीटवर बाळाची कार सीट बसवायची तर काय निवडावं

कार सीट कुठल्या कंपनीची घ्यायची यावर आपण महिनाभर खल करतो, आणि ती गाडीत बसणार कशी याचा विचार सुरू होतो बॉक्स उघडल्यावर. आधी तो विचार करा. सीट कितीही भारी असली तरी ढिली बसवली तर उपयोग नाही.

आमच्या मुलीची पहिली सीट मी सीटबेल्टने बसवली होती, वरून धरून हलवून बघितली, घट्ट वाटली, चार महिने तसेच फिरलो. मग एकदा माझ्या मैत्रिणीने बेल्ट सीटमधून जिथून जातो बरोब्बर तिथे हात घालून हलवली तर सीट चांगली चार बोटं सरकली. माझ्या पोटात गोळाच आला. तेव्हापासून दोन्ही पद्धती नीट शिकून घेतल्या आणि आता आमच्या गाडीत आयसोफिक्स आहे, मुलीच्या आजोबांच्या गाडीत बेल्ट.

आधी आयसोफिक्स. मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळते त्या फटीत बोटं घाला, दोन लोखंडी दांड्या हाताला लागतील, साधारण पेन्सिलीएवढ्या जाड, दोघींत २८० मिमी अंतर. त्या थेट गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. कार सीटचे दोन हात त्यांच्यावर दाबायचे, दोन्हीकडून खट्ट आवाज आला पाहिजे आणि बहुतेक सीटवर लाल खूण जाऊन हिरवी येते. याचा मोठा फायदा म्हणजे चुकायला जागा कमी, ताण किती द्यायचा हा अंदाजाचा भागच नाही.

पण लोक इथेच थांबतात आणि तिसरा आधार विसरतात. फक्त खालचे दोन हात अडकवले तर धडक झाल्यावर सीट त्याच दांड्यांवर पुढे कलंडते, ते अडवायला एकतर वरचा पट्टा असतो, म्हणजे टॉप टेदर, नाहीतर जमिनीवर टेकणारा पाय, म्हणजे सपोर्ट लेग. पुढे तोंड केलेल्या सीटला टेदर लावला तर बाळाचं डोकं धडकेत १० ते १५ सेंटीमीटर कमी पुढे जातं, समोरच्या सीटची पाठ किती जवळ असते ते बघा म्हणजे या अंतराची किंमत कळेल. टेदरचा हूक गाडीप्रमाणे सीटच्या पाठीमागे, डिकीच्या तळाला किंवा छताला असतो, डिकीत सामान बांधायचे हूक असतात त्यात तो अडकवू नका, दिसायला सारखेच पण तेवढा भार घेत नाहीत. आणि सपोर्ट लेगवाली सीट घेणार असाल तर मागे पाय ठेवतो तिथे जमिनीखाली कप्पा आहे का ते बघा, कप्प्याच्या पोकळ झाकणावर तो पाय टेकवायचा नसतो, गाडीच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट परवानगी असेल तरच.

अजून एक, वजनाची मर्यादा. आर१२९ म्हणजे आय-साइज, कार सीटच्या सुरक्षेचा संयुक्त राष्ट्रांचा नियम, त्यात आयसोफिक्सवर सीट आणि मूल मिळून ३३ किलो धरलेत. सीटच १५ किलोची असेल तर मुलाच्या वाट्याला १८ उरतात, पुढे बेल्टकडे यावंच लागतं.

आता बेल्ट. नीट बसवला तर तो आयसोफिक्सएवढाच सुरक्षित असतो, कमी दर्जाचा अजिबात नाही, फक्त तो 'नीट' बसवायला मेहनत लागते. बेल्टचा रस्ता चुकू नये म्हणून बऱ्याच सीटवर रंग दिलेले असतात, मागे तोंड असताना निळा, पुढे तोंड असताना लाल. पट्ट्याला कुठे पीळ नको. मग सीटमध्ये गुडघा रोवून, सगळं वजन टाकून बेल्ट ओढायचा, नुसत्या हाताने ओढून होत नाही, मी तेच करत होते. गाडीचा बेल्ट एरवी झटका बसल्यावरच लॉक होतो, म्हणून सीटला स्वतःचा बेल्ट लॉक आहे का बघा, काही गाड्यांत बेल्ट पूर्ण बाहेर ओढला की आत जाताना टक टक करत लॉक होत जातो. बकल सीटच्या कडेवर वाकून दाबलं जात असेल तर ती जागा त्या सीटला योग्य नाही. शेवटी बेल्टच्या रस्त्याजवळ धरून हलवा, अडीच सेंटीमीटरच्या आत हलली तर ठीक. मागे तोंड असलेली सीट वरच्या टोकाला थोडी जास्त हलते, त्याने घाबरू नका.

मग कोणी काय घ्यावं? गाडी एकच आणि दांड्या आहेत, तर आयसोफिक्स, विचार करू नका. सीट दोन-तीन गाड्यांत फिरणार, टॅक्सीत जाणार, किंवा रोज वेगवेगळी माणसं बसवणार तर बेल्टने बसणारी हलकी सीट घ्या आणि त्या प्रत्येकाला स्वतः एकदा बसवायला लावा. दोन्ही जमणाऱ्या सीट मिळतात, पण दोन्ही एकदम लावायचं नाही, मॅन्युअल सांगत असेल तरच.

मधली जागा बाजूच्या धडकेपासून सगळ्यात लांब म्हणून चांगली, पण तिथे बहुतेक गाड्यांत आयसोफिक्स नसतं, आणि दोन्ही बाजूंची एकेक दांडी घेऊन मध्ये जुगाड करायचा नाही. मधली बैठक उंचवटा असलेली असेल आणि सीट डुगडुगत असेल तर मी बाजूलाच पक्की बसवेन.

मागे तोंड करून जितका काळ बसवता येईल तितका बसवा, आय-साइजमध्ये तर १५ महिन्यांपर्यंत ते सक्तीचं आहे.

आजोबांनी पहिल्यांदा बेल्ट लावला तेव्हा वीस मिनिटं लागली, घामाघूम झाले, पण हलवून बघितलं तर सीट जागची हलली नाही. आता पाच मिनिटांत लावतात, आणि निघायच्या आधी दर वेळी बेल्टच्या रस्त्याजवळ धरून हलवून बघतात.