सनबोर्ड पॅनेल : प्रिंट एक नंबर, वेळेचं मात्र बघून घ्या

आमच्या कॉलेजच्या इतिहास विभागाच्या प्रदर्शनाचे सगळे पॅनेल (सनबोर्ड म्हणजे फोमच्या हलक्या पाट्या, त्यावरचे) नाशिकला अशोकस्तंभाजवळच्या या प्रिंटिंगच्या दुकानातून करून घेतले म्हणून जरा सविस्तर लिहितेय. चार स्टार देतेय, एक कापलाय तो वेळेसाठी, कामासाठी नाही.

विषय मुलांनीच निवडलेला आणि तसा अवघडच, यादवी युद्ध चालू असताना राज्यकर्त्यांनी अख्ख्या देशाला करायला लावलेले उपवास. काउंटरवर मालक बसतात त्यांनी हेडिंग वाचलं आणि लगेच, "एकादशी दुप्पट खाशी, तसलंच ना मॅडम?" म्हटलं नाही हो, यात साबुदाणा नाही की भगर नाही, अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिथला राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकनने 30 मार्च 1863 ला जाहीरनामा काढला की 30 एप्रिलचा गुरुवार उपवासाचा, त्या दिवशी रोजचा कामधंदा बाजूला ठेवा, चर्चमध्ये आणि घरी प्रार्थना करा, देशाची पापं कबूल करा. कामधंदा बाजूला म्हटल्यावर मालक हसले, म्हणे "म्हणजे दुकान बंद आणि भाडं चालू."

आता मुद्द्याचं. मॅट लॅमिनेशन सांगितलं होतं ते व्यवस्थित, कुठे बुडबुडा नाही, कडा सरळ कापलेल्या, ट्यूबलाइट पडली तरी चमकत नाही त्यामुळे लांबूनही वाचता येतं. फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवरून मोठ्या साइजचे उतरवून दिले होते, लिंकनच्या गालावरच्या सुरकुत्यासुद्धा नीट आल्यात. फॉन्टचा घोळ मात्र झाला. वर्डमधला युनिकोड मजकूर त्यांच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, कोरलड्रॉमध्ये, टाकल्यावर जोडाक्षरं फुटली, 'राष्ट्राध्यक्ष' तर असा काही फुटला होता की वाचवेना. पण आतल्या खोलीत जो मुलगा डिझाइनला बसतो त्याने कुरकुर न करता सगळं पुन्हा लावून दिलं, आणि दुसरं प्रूफ मी मागायच्या आधी काढून ठेवलं. हे फार कमी ठिकाणी होतं.

या मुलाबद्दल लिहायलाच हवं, कारण तो मजकूर नुसता पेस्ट करत नाही, वाचतो. इंग्लंडचं पॅनेल लावताना त्याचा पहिला प्रश्न, "मॅडम, दोन दोन वार कसे काय?" तर गोष्ट अशी की तिथे 1642 मध्ये आयर्लंडमधल्या बंडामुळे दर महिन्याच्या शेवटच्या बुधवारी उपवास सुरू झाला, तेव्हा राजा पहिला चार्ल्स आणि संसद दोघांच्या संमतीने. त्याच वर्षी दोघांत युद्ध पेटलं. संसदेने बुधवार धरून ठेवला, त्या दिवशीच्या प्रवचनांतून राजाच्या माणसांवर टीका व्हायला लागली, मग 1643 मध्ये राजाने आपला वेगळा उपवास काढला, महिन्याचा दुसरा शुक्रवार. मुलगा म्हणाला हे तर स्मार्त आणि भागवत एकादशीसारखं झालं. मी हसले खरी, पण हेच वाक्य आमच्या मुलांनी गाइड करताना वापरलं आणि प्रत्येक पालकाला झटक्यात कळलं. फरक इतकाच की आपल्याकडे स्मार्त आणि भागवत एकमेकांवर तोफा घेऊन जात नाहीत. आणि 1644 साली तर नाताळच शेवटच्या बुधवारी आला, संसदेने सांगितलं सण नाही, उपवासच धरायचा. हे त्याने आपणहून लाल चौकटीत टाकलं, छान दिसलं.

पण खरी कमाल पुढच्या पॅनेलला. अमेरिकेच्या युद्धात लिंकनची उत्तर एका बाजूला आणि फुटून निघालेली दक्षिणेतली राज्यं दुसऱ्या, म्हणून आम्ही उत्तरेचं आणि दक्षिणेचं असे दोन वेगळे बोर्ड केले होते. दक्षिणेच्या बोर्डवर वर दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष जेफर्सन डेव्हिसने ठरवलेला उपवास, 27 मार्च 1863, शुक्रवार, आणि पार खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात दक्षिणेच्या राजधानीतली, रिचमंडमधली ब्रेडसाठीची दंगल, 2 एप्रिल. डिझाइनच्या मुलाने दोन्ही तारखांवर बोट ठेवलं, "यात आठवडाही नाहीये. ह्या शेजारी शेजारी पाहिजेत ना?" बरोबर होतं त्याचं. युद्धामुळे भाव गगनाला भिडलेले, कागदी पैशाला किंमत उरलेली नाही, आणि त्या शहराला सरकार सांगतंय उपास करा. सहाव्या दिवशी बायका रस्त्यावर उतरल्या आणि दुकानं फोडून पीठ, मांस, मिळेल ते उचलून न्यायला लागल्या. डेव्हिस स्वतः तिथे आला, खिशातले पैसे गर्दीत फेकले असं सांगतात, आणि पांगला नाहीत तर गोळ्या घालू असा दम दिला. वर्तमानपत्रांना सांगितलं की हे छापू नका. ज्याच्या घरात चूलच पेटत नाही त्याला उपास सांगणं हा प्रकार मला आमच्या सगळ्या मजकुरात सर्वात संतापजनक वाटतो, आणि तो आता बोर्डच्या मधोमध मोठ्या अक्षरात आहे तो या मुलामुळे.

लिंकनचं थोडं वेगळं. त्याच्या जाहीरनाम्यात विनंती आहे, दंडबिंड काही नाही (मालकांनी हेही विचारलं होतं), सिनेटने ठराव केला म्हणून त्याने दिवस ठरवला. मला त्यातलं आवडतं ते हे की शत्रूला शिव्याशाप नाहीत, सुबत्तेने आपण माजलो, देवाला विसरलो, हे युद्ध आपल्याच पापांची शिक्षा असेल असा सूर आहे. पण गुलामगिरी हा शब्द त्यात एकदाही येत नाही, त्याच वर्षी 1 जानेवारीला गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढलेल्या माणसाकडून हे खटकतंच. आणि उपवासाच्या त्याच दिवशी, 30 एप्रिलला, त्याचं सैन्य व्हर्जिनियात चान्सलर्सव्हिलला पोचत होतं, पुढच्या आठवड्यात तिथे सपाटून हरलं. आमच्या एका विद्यार्थिनीने विचारलं की मग देवाने कोणाचं ऐकलं, कारण देव दोघांचा एकच. लिंकनने स्वतः 4 मार्च 1865 च्या, दुसऱ्यांदा शपथ घेतानाच्या भाषणात जवळपास हेच मांडलंय, त्याचा उतारा आम्ही शेवटच्या बोर्डवर घेतला.

दुकानात मालकांचे वडील पण असतात, खुर्ची टाकून बसलेले. ते इतका वेळ गप्प होते, मग म्हणाले शास्त्रीजींच्या वेळी 65 साली आम्ही सोमवारी रात्रीचं जेवण सोडलेलं, हॉटेलं पण बंद असायची. कोणी जबरदस्ती केली होती का विचारलं तर म्हणाले, "छे, पंतप्रधान स्वतः जेवत नव्हता ना." ते यादवी युद्ध नव्हतं आणि धर्माचाही प्रश्न नव्हता म्हणून बोर्डवर घेतलं नाही, पण प्रदर्शनात तोंडी सांगितलंच.

वेळेचं सांगते. "संध्याकाळी या" म्हणजे त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी दुपार समजा. लग्नसराई आणि निवडणुकीत तर जाऊच नका, फ्लेक्सवाल्यांची रांग असते आणि तुमचं काम मागे पडतं. आमचे शेवटचे बोर्ड उद्घाटनाच्या सकाळी हातात आले, पाहुणे येईपर्यंत मुलं डबल टेप लावत होती. फोनवर विचारलं की एकच उत्तर, "लॅमिनेशनला लावलंय मॅडम."

भाव बाजारात आहे तोच, बिल पक्कं मिळतं, यूपीआय चालतं. पार्किंगची बोंब आहे. आणि बोर्ड न्यायला रिक्षाच करा, टू-व्हीलरवर मागे बसून सनबोर्ड धरला तर सीबीएस बस स्टँडच्या सिग्नलपर्यंत वाऱ्याने त्याचा कोपरा मोडतो.