टोरांटो पब्लिक लायब्ररीचा उन्हाळा: नातवंडांसाठी न्या आणि स्वतःही बसा

जूनच्या शेवटी इथल्या शाळा बंद होतात आणि घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो, दोन महिने पोरांचं करायचं काय? समर कॅम्पची फी ऐकली की पोटात गोळा येतो. म्हणून टोरांटोत राहणाऱ्या सगळ्यांना, आणि माझ्यासारख्या लेकीकडे येऊन राहिलेल्या आजी-आजोबांना, आताच सांगून ठेवते: टोरांटो पब्लिक लायब्ररीचं उन्हाळ्याचं वेळापत्रक काढून बसा. सगळं फुकट आहे, आणि फुकट असलं तरी जीव ओतून केलेलं आहे.

आमची शाखा शहराच्या पूर्वेकडच्या स्कारबरो भागातली, स्कारबरो सिव्हिक सेंटरची. २०१५ मध्ये उघडली, शहरातली शंभरावी. आत भल्या मोठ्या लाकडी तुळया, भरपूर उजेड. पण इमारतीपेक्षा मला तिथला गोष्टींचा तास महत्त्वाचा वाटतो. मी सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर पहिली-दुसरीला शिकवलं. त्यामुळे गोष्ट सांगणाऱ्या माणसाकडे माझं बारीक लक्ष असतं, आणि मी उगाच कौतुक करत नाही.

इथे गोष्टींचे तास वयाप्रमाणे वेगळे असतात. दीड वर्षापर्यंतच्या तान्ह्यांचा एक, तिथून तीन वर्षांपर्यंतचा दुसरा, तीन ते पाचचा तिसरा, आणि भावंडं एकत्र आणायची असतील तर सगळ्या कुटुंबाचा एक. आमच्याकडच्या बाई पुस्तक खालून एका हाताने धरतात, गालाच्या बाजूला, चित्र पोरांकडे. दुसऱ्या हाताने पान वरच्या कोपऱ्यातून उलटतात, म्हणजे चित्रावर हात येत नाही. पान उलटण्याआधी विचारतात, आता काय होईल? आणि मग खरोखर थांबतात. नव्या शिक्षकांना मी हेच सांगत असे, प्रश्न विचारलात ना, मग आता गप्प बसा. पोराला विचार करायला वेळ लागतो, आणि आपल्याला ती शांतता सोसत नाही. या बाईंना सोसते. मागच्या रांगेतला एक अबोल मुलगा त्या शांततेतच पहिल्यांदा बोलला. मधे मधे गाणी, हातवारे, खुळखुळे. दोन गोष्टींनंतर पोरं चुळबुळायला लागली की बाई लगेच सगळ्यांना उभं करतात.

आणखी एक गोष्ट मला फार पटली. लायब्ररीवाले पालकांना सांगतात की घरी तुमच्याच भाषेत बोला, गा, वाचून दाखवा. इंग्रजी मागे पडेल म्हणून मराठी बंद करणाऱ्या आयांनी हे इथल्या माणसांच्या तोंडून ऐकावं. आम्ही सांगून थकलो.

बरेच आजी-आजोबा नातवंडाला आत सोडून बाहेर खुर्चीवर फोन बघत बसतात. तसं करू नका. आत बसा. गुडघे दुखत असतील तर खुर्ची मागून घ्या. पाच वर्षांच्या आतल्या मुलांबरोबर घरचं कुणीतरी असावं असाच तो तास आखलेला आहे, आणि घरी आल्यावर तीच गोष्ट मराठीत परत सांगायला आपणच लागतो.

शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी उन्हाळ्यात टीडी समर रीडिंग क्लब असतो. टीडी या बँकेच्या मदतीने चालणारा, कॅनडाभर पसरलेला, आणि तो घडवण्यात टोरांटोच्या लायब्ररीचाच मोठा वाटा आहे. मुलांना वही मिळते, स्टिकर मिळतात. कॉमिक्स वाचलेलंही चालतं, हे उत्तम. घरी आईबापांनी त्यात पानं मोजायची शर्यत तेवढी लावू नये. मोठ्या मुलांसाठी थ्री-डी प्रिंटर आणि व्हिडिओ-ऑडिओची साधनं आहेत, आमच्या शाखेतही. थोरला नातू तिथे रमतो.

नव्याने आलेल्या सुना-जावयांसाठी इंग्रजी बोलण्याचे गट असतात, काही शाखांत कागदपत्रांना मदत करणारे सेटलमेंट वर्कर बसतात. आमच्या वयाच्या लोकांना फोन आणि कॉम्प्युटर शिकवतात. ते हवंच. पण आमच्याकडून घेण्यासारखंही पुष्कळ आहे. आजी-आजोबांना आपापल्या भाषेत गोष्ट सांगायला बोलवा, स्कारबरोत अशा तासाला गर्दी लोटेल.

एक दिवस मात्र राखून कॉलेज स्ट्रीटवरच्या लिलियन एच. स्मिथ शाखेत जा. सबवेने, म्हणजे भुयारी रेल्वेने, क्वीन्स पार्क स्टेशन, तिथून पश्चिमेला थोडं चालायचं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना टीटीसीचं, म्हणजे शहराच्या बस-रेल्वेचं, तिकीट नाही. दाराच्या दोन्ही बाजूंना पंखवाले ब्राँझचे राक्षसी प्राणी बसलेत, पोरं तिथून हलत नाहीत. लिलियन स्मिथ या बाई १९१२ मध्ये टोरांटोत मुलांच्या ग्रंथपाल म्हणून आल्या आणि मुलांचा विभाग त्यांनी उभा केला. चौथ्या मजल्यावर ऑस्बोर्न कलेक्शन आहे: एडगर ऑस्बोर्न या इंग्रज ग्रंथपालाने १९४९ मध्ये सुमारे दोन हजार जुनी बालपुस्तकं या शहराला दिली, त्यातून वाढत गेलेला संग्रह. तिथे चौदाव्या शतकातलं इसापच्या गोष्टींचं हस्तलिखित आहे. ज्या कोल्ह्या-करकोच्याच्या गोष्टी मी फळ्यासमोर उभी राहून सांगितल्या, त्या सहाशे-सातशे वर्षांपूर्वी कुणीतरी हाताने उतरवून ठेवल्या होत्या. मला तिथे भरून आलं. प्रदर्शन बघायला पैसे पडत नाहीत.

कार्डाबद्दल थोडं. टोरांटोत राहणाऱ्या, काम करणाऱ्या किंवा शिकणाऱ्याला कार्ड मोफत आहे, आणि २०२२ पासून पुस्तक उशिरा परत केल्याचा दंड नाही. हरवलं तर भरून द्यावं लागतं, ते योग्यच. कार्डावर संग्रहालयांचे मोफत पासही मिळतात, पण ते ऑनलाइन आधी राखावे लागतात आणि भराभर संपतात, तेव्हा लेकीला आठवण करत राहा. गोष्टींच्या तासाला बहुतेक वेळा नाव नोंदवावं लागत नाही. तरी वेळापत्रक शाखेप्रमाणे बदलतं, निघण्याआधी एकदा बघून घ्या, आणि पावसाच्या दिवशी जरा लवकर पोहोचा.

आणि एक मागणी. या लायब्ररीची फोनवर गोष्ट ऐकवणारी सेवा आहे, डायल-अ-स्टोरी. फोन लावायचा, भाषा निवडायची, गोष्ट ऐकायची. सोळा भाषांत आहे. गुजराती आहे, पंजाबी आहे, तमिळ आहे, उर्दू आहे. मराठी नाही. टोरांटोतल्या मराठी मंडळींनी मिळून लायब्ररीला लिहावं. आवाज द्यायला मी तयार आहे.