एअर रायफलीचे जाम स्क्रू आणि हा बिट सेट, पैसे वसूल

जळगावच्या एका टूल्सच्या दुकानातून ३२ बिटांचा, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरच्या बदलता येणाऱ्या टोकांचा, सेट साडेसातशेला घेतला, कारण माझ्या पॉइंट १७७ (छऱ्याचं माप, इंचात) एअर रायफलीवर स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, बसवायचा होता आणि मागच्या साइटचे (नेम धरायच्या खाचेचे) दोन स्क्रू काही केल्या हलेनात. साधा स्क्रू ड्रायव्हर टोकाला निमुळता असतो, जोर लावला की खाचेतून वर सरकतो आणि खाचेच्या कडा खाऊन टाकतो, माझ्या एका स्क्रूचं तेच झालं होतं. ह्या सेटमधले चपटे बिट शेवटपर्यंत सरळ आहेत, खाच पूर्ण भरते. हा फरक हातात घेतल्याशिवाय कळत नाही भाऊ!

आधी रायफल रिकामी आहे, कॉक केलेली (स्प्रिंग ताणून ठेवलेली) नाही, हे दोनदा बघा. मी रात्रभर गंज सोडवायचं तेल सोडून ठेवलं, काही फरक नाही. मग लक्षात आलं की आत थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावतात तो गोंद) आहे, त्याला तेल नाही, उष्णता लागते. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर दोन-तीन मिनिटं धरलं, गरम असतानाच बिट लावून वरून दाबत हळू फिरवलं आणि कट्‌ करून सुटला, इतका आनंद झाला की घरच्यांना बोलावून दाखवला.

हँडलचं मॅग्नेट मात्र कमजोर आहे, बिट खाली पडतो. आणि स्कोप घेताना स्प्रिंग एअर रायफलीसाठीचाच घ्या, हिचा झटका मागे-पुढे दोन्हीकडे बसतो, साधा स्कोप बिघडतो.