यूव्ही-यूएफ प्युरिफायर, अकरा महिन्यांनंतर: तक्रार टाकीची आहे

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढू लागले आणि काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाण्यातूनही पसरणारा जीवाणू सापडला, तेव्हा वीस वर्षे गाळणीवर चाललेल्या आमच्या स्वयंपाकघरानेही माघार घेतली. विक्रेत्याने टीडीएस मीटर बुडवून आरओ गळ्यात मारण्याचा प्रयत्न केला. परंतु तो मीटर विरघळलेले क्षार मोजतो, जंतू मोजत नाही, आणि आमच्याकडील खडकवासल्याच्या पाण्यात क्षार मुळातच कमी असल्याने निम्म्याहून अधिक पाणी मोरीत सोडणारे ते यंत्र मी नाकारले आणि अतिनील दिवा (यूव्ही) व अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा (यूएफ मेम्ब्रेन) असलेले यंत्र घेतले.

पहिले आठ महिने तक्रारीला जागा नव्हती. यूएफ मेम्ब्रेनची छिद्रे सुमारे ०.०१ मायक्रॉनची असतात, तर नेहमीच्या क्लोरीनला दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी चार ते सहा मायक्रॉनचा असल्यामुळे तो तेथेच अडतो. काविळीचे विषाणू अतिनील दिव्याच्या वाट्याला येतात.

दिवाळीत बारा दिवस गावी जाऊन आल्यावर मात्र पाण्याला कुबट वास आला. यंत्राच्या सात लिटरच्या टाकीत बोट फिरवले तर भिंत बुळबुळीत लागली आणि तोटीच्या कडेला गुलाबी थर दिसला. कारण सरळ आहे: नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे असे मानक सांगते, पण यंत्रातील कार्बनची गाळणी तेच काढून घेते, आणि मग तोटीतून किंवा हवेतून शिरलेल्या जीवाणूंना टाकीत कोणी हटकत नाही. "मॅडम, टाकी फूडग्रेड आहे, साफ करावी लागत नाही," असे सांगून तंत्रज्ञाने ४,५०० रुपयांच्या वार्षिक कराराचा कागद पुढे केला. फूडग्रेड प्लॅस्टिकवर थर धरत नाही, हे मला तरी नवीन होते. निळा उजेड दिसतो म्हणजे दिवा ठीक आहे, हेही त्याचे मत. वास्तविक जंतू मारणारे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि ते क्षीण झाल्यावरही निळा उजेड राहतो.

रागाच्या भरात मी हायड्रोजन सल्फाइड चाचणीच्या बाटल्या आणल्या. एकीत टाकीचे पाणी भरले, दुसरीत पहाटे नळाला आलेले पहिले पाणी. दुसऱ्या दिवशी नळाची बाटली काळीकुट्ट झाली होती. टाकीची तशीच राहिली. येथे मला माझे मत बदलावे लागले, कारण विष्ठेशी संबंधित दूषितता असेल तर बाटली काळी पडते. सोसायटीची जमिनीखालील टाकी उपसली तेव्हा ड्रेनेजच्या चेंबरलगत भेग सापडली. ती बुजवून टाकी धुतल्यावर पुन्हा केलेल्या चाचणीत बाटली काळी पडली नाही. म्हणजे इतके दिवस यंत्राने आपले काम केले होते, हे कबूल करणे भाग आहे.

तरीही टाकीला माफी नाही. असा थर निरोगी माणसाला सहसा बाधत नाही, पण आमच्याकडे ऐंशी वर्षांच्या सासूबाई आहेत आणि क्षीण प्रतिकारशक्तीच्या माणसाला स्यूडोमोनाससारखे जीवाणू त्रास देऊ शकतात. करार मी केला नाही. दर रविवारी टाकी रिकामी करून घासते. परगावहून आल्यावर पहिली टाकी झाडांना जाते. मागच्या डाव्या कोपऱ्यात हात पोहोचत नाही, म्हणून चमच्याला जुना टूथब्रश दोऱ्याने बांधला आहे, आणि सोळा हजारांच्या यंत्राच्या देखभालीचे मुख्य हत्यार सध्या तेच आहे.